मसाटच्या रोलरवरचा न्याय

माझ्या नवऱ्याचं सिल्वासात राखोलीच्या रस्त्यावर गॅरेज आहे. थकलेलं इंजिन उघडायचं, झिजलेलं सगळं बदलायचं आणि ते पुन्हा बांधायचं, हे त्याचं काम. गेल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात जवळच्याच मसाट गावातल्या एका यंत्राने त्याला चोर ठरवलं. राग शांत झाल्यावर लिहावं म्हणतात. तसं करायचं तर माझं लिहायचं राहूनच जाईल.

गाडी होती पुण्याहून इथल्या कारखान्यात बदलून आलेल्या एका मॅनेजरसाहेबांची. माणूस हौशी, गाडी जुनी पण लाडकी. नवऱ्याने इंजिन बांधून दिलं तेव्हा साहेब दुधनीपर्यंत फिरून आले आणि चढावर गाडी कशी उडते ते हातवारे करून सांगत बसले. पेढेसुद्धा आणले. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं, पण मसाटला नुकताच डायनो आला होता. गाडी पट्ट्यांनी जागच्या जागी बांधतात, चाकं लोखंडी रोलरवर ठेवतात, अ‍ॅक्सिलरेटर दाबतात, आणि रोलर किती झपाट्याने वेग घेतो त्यावरून यंत्र पॉवर सांगतं. दसरा नुकताच झाला होता. साहेबांनी भर दुपारी गाडी चढवली. कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेल्या आकड्यापेक्षा जवळजवळ पाचवा हिस्सा कमी आला.

संध्याकाळी गाडीवाल्यांच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज पडला. ‘इंजिनमध्ये जुनेच पार्ट घातलेले दिसतात. डायनो खोटं बोलत नाही.’ या ग्रुपवर सिल्वासातले यच्चयावत मॅनेजर आहेत आणि आमचं गॅरेज त्यांच्याच गाड्यांवर चालतं. त्याच आठवड्यात ठरलेली कामं एकेक करून रद्द झाली. कुणी भांडलं नाही, कुणी काही विचारलं नाही. फोन उचलणं तेवढं बंद झालं.

डायनो खोटं बोलत नाही म्हणे. मी एका कारखान्याच्या मापन विभागात नोकरी करते. वजनकाटे, तापमापक, दाबमापक बरोबर दाखवतात की नाही हे तपासण्यावर माझं पोट आहे. यंत्र खोटं बोलतं, आणि दशांशचिन्हापुढे दोन आकडे लावून, अजिबात न लाजता बोलतं. पण आमच्या घरातला माणूस काय म्हणाला असेल? “माझंच काही राहिलं असेल. पुन्हा उघडून बघतो.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“तू आधी उघडू नकोस,” मी म्हटलं. “मी जाऊन बघते.”

शनिवारी दुपारी साहेबांना गाडीसकट घेऊन मी मसाटला गेले. पत्र्याची शेड, आत भट्टी तापलेली. गाडीसमोर हवेसाठी मोठा पंखा असतो. तो भिंतीकडे तोंड करून फिरत होता. पंख्यापुढे स्टँडवर एक छोटी पेटी होती, आणि तिच्यावर झेंडूचा भलामोठा हार, आंब्याच्या पानांसकट, चांगला ओला. ही पेटी हवेचं तापमान मोजते. हवा गरम असली की इंजिनची ताकद घटते, म्हणून यंत्र ती घट हिशोबात भरून काढतं. इथे पेटीला ओल्या फुलांत गुंडाळून वर वारा घातलेला. आम्ही घामाने निथळत होतो आणि पडद्यावर हवा महाबळेश्वरची, म्हणजे घट भरून काढायचा प्रश्नच नाही.

यंत्र चालवणारा धुळ्याकडचा होता. मी त्याला हार काढायला सांगितला.

“ताई, दसऱ्याचा हार हाय. सुकेपर्यंत काढाले शेठ ना पाडतो, नको बोलतो.”

“मग सुकू तरी द्या. ओला कशाने आहे?”

“मी रोज पाणी मारतो ना. शेठ बोलला, ताजा दिसला पाहिजे.”

यंत्राची पूजा आमच्या कारखान्यातही होते, मी स्वतः हळदकुंकू वाहते. पण आम्ही तराजूच्या पारड्यात नारळ ठेवून सोनं तोलत नाही.

हाराने पडणारा फरक थोडासाच, हे मला कबूल आहे. मोठा घोळ वेगळाच होता. माहितीपत्रकातला आकडा असतो नुसत्या इंजिनचा. रोलर मोजतो चाकांपर्यंत पोचलेली ताकद, आणि वाटेत गिअरबॉक्स खातो, टायर खातात. दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करून साहेबांनी माझ्या नवऱ्याला चोर म्हटलं होतं. त्यात टायरांत हवा कमी, इंजिन वाटेतल्या ट्रॅफिकमध्ये तापलेलं. मी म्हटलं, आता लागोपाठ तीनदा मोजा. पहिला आकडा आला. पट्टे जरा आवळले, दुसरा त्याहून कमी आला. पंखा गाडीकडे वळवला, तिसरा दोघांच्याही वर गेला. गाडी तीच, इंजिन तेच.

“यातला खरा कोणता?” मी डायनोच्या गुजराती मालकाला, शेठना विचारलं.

“बेन, जो ग्रुपवर गेला तो फायनल,” शेठ म्हणाले आणि चहा मागवला.

साहेब खाली बघत होते. मला वाटलं, पटलं. परतताना ते म्हणाले, “वहिनी, तुमचं सगळं बरोबर असेल, पण एकदा उघडून बघायला सांगा ना त्यांना.”

नवऱ्याने उघडलं. सगळे पार्ट नवे, सगळी मापं जिथल्या तिथे. उघडलं की जोडातलं गॅस्केट बदलावंच लागतं, म्हणून ते बदललं आणि बाकी होतं तसं बंद केलं. साहेबांना तसं सांगितलंही. पुढे डिसेंबरातल्या गार सकाळी साहेबांनी गाडी पुन्हा चढवली. टायर भरलेले, पंखा गाडीकडे, हार सुकून कधीच गेलेला. आकडा झकास वाढला.

ते थेट गॅरेजवर आले, पेढे घेऊन. “बघा, या वेळी मन लावून केलंत,” असं म्हणत त्यांनी नवऱ्याची पाठ थोपटली. काहीच केलेलं नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं, तर म्हणाले, “वहिनी, नवऱ्याची बाजू घेणारच तुम्ही.” ग्रुपवर मेसेज गेला: ‘चूक मान्य करून सुधारणारा प्रामाणिक मेकॅनिक.’ खाली अंगठ्यांची आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. गाड्या परत यायला लागल्या.

मला ते अंगठे आणि नमस्कार बघवत नाहीत. पहिला आळ पुसला गेला नाही, उलट त्याच्यावर शिक्का बसला. नवरा म्हणतो, राहू दे, काम येतंय ना.

परवा एक नवे साहेब गाडी सोडायला आले. किल्ली हातात देताना हसत म्हणाले, “माझं मात्र पहिल्याच वेळी नीट करा हं.”

माझा नवरा हो म्हणाला.