ठेवणीतला पंप

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाई. बायकोले नाई, देवापुढंही नाई — देवापुढं हात जोडले की मी मुद्दाम दुसरंच काही मागत राह्यलो. आज तुमाले सांगून राह्यलो, आणि मधात थांबायचं नाई, एवढं पक्कं करूनच बसलो.

आरमोरीच्या पुढं, नदीकाठी आमच्या गावची पाण्याची सोसायटी आहे. नदीतून पाणी उचलायचं, उन्हाळी धानाले सोडायचं. तिथी मी बारा वर्षं पंप चालवला. पंप तीन. एक रोजचा, कुरकुरत चालणारा. दुसरा नवा, रोजचा बंद पडला तर लावायले. तिसरा जुना, पण कामाचा, शेडच्या कोपऱ्यात.

नियम सोपा होता. दर सोमवारी रोजचा पंप थांबवायचा, दुसरा अर्धा तास चालवून पाहायचा, वहीत लिहायचं. मी करत होतो का? पहिले काही महिने केलं. पण खालचा व्हॉल्व्ह पाणी धरत नव्हता, चालू करायच्या आधी बादल्यावर बादल्या ओतून पंप पाण्यानं भरा लागे. तेवढ्यात टोकाच्या बांधीवाले, पाटाच्या शेवटच्या शेतांचे लोक, येत — पाणी काऊन तोडलं? आणि खरं सांगू? तो नवा पंप वापरायले माझं मनच होत नव्हतं. चांगलं लुगडं ठेवणीत ठेवतो ना आपण, तसा मी तो ठेवला. रोज फडक्यानं पुसायचो. दसऱ्याले सगळ्यात मोठा हार त्याले. आणि सोमवारी वहीत लिहायचो — चालवला, ठीक आहे.

नुसता आळस असता तर एवढ्या वर्षांनी मी हे कशाले उकरलं असतं?

आमच्या गावच्या मारोतीभाऊची पोरगी पल्लवी तेव्हा गडचिरोलीले संख्याशास्त्र शिकून राह्यली होती. किती पंप ठेवले, किती दिवसांनी तपासले, तर पाणी बंद पडणार नाई — हा तिचा अभ्यास. आठ दिवस ती आमच्या शेडमध्ये बादली उलटी करून बसली, माझी वही उतरवत. मले समजावून सांगे. एक पंप बिघडायची शक्यता इतकी; तो दुरुस्त होऊन यायच्या आत दुसरा बिघडायची इतकी; दोन्हींचा गुणाकार केला की आकडा बारीक होत जातो. मले कौतुक वाटायचं, आपल्या गावची पोरगी म्हणून. मग एक दिवस तिनं वहीवरून मान वर केली.

"काका, उभ्या पंपाचा बिघाड वरून दिसत नाई. चालवला तरच कळते. म्हणून माझं सगळं गणित या सोमवारांवर उभं आहे. हे खरं आहे ना?"

मी म्हटलं, "खरं आहे बाई."

बस. तीन शब्द. जीभ अडखळलीसुद्धा नाई.

तिच्या गणितात आलं की दोन पंप पुरतात. सभेत सगळ्यांना पटलं. तिसरा पंप नदीच्या वरच्या अंगाच्या गावाले देऊन टाकला. मी स्वतः तो ट्रॅक्टरवर चढवायले हात लावला. तेव्हा तरी बोललो का?

पुढच्या वर्षी धान निसवत होता, लोंब्या बाहेर पडत होत्या, आणि रोजच्या पंपाची मोटर जळली. दुसऱ्याचं बटन दाबलं — नुसता गुं गुं करत राह्यला, फिरला नाई. आत गंजून जाम झाला होता. वरचं गाव स्वतःचा धान सोडून पंप परत कसा देईल? पंधरा दिवस पाणी नव्हतं. टोकाच्या बांध्यांत लोंब्या पोचट राह्यल्या.

सभेत विचारलं तर मी म्हटलं, मोटर जळायच्या आधीच्या सोमवारीच चालवला होता. वही दाखवली. मग राह्यलं कोण? पल्लवी. पोरीच्या गणितानं गावाचा धान खाल्ला, असं लोक तोंडावर बोलले. मारोतीभाऊ खाली मान घालून बसला होता. ती मात्र आपले कागद चाळत होती, पुन्हा पुन्हा, आपली चूक शोधत. सभा उठल्यावर माझ्याकडं आली. वहीत कुठी चूक तर नाई, एवढंच विचारलं. मी पुन्हा नाई म्हटलं. पहिल्यांदा खोटं बोललो तेव्हा लाज वाचवायची होती. दुसऱ्यांदा बोललो तेव्हा तिचा चेहरा समोर होता, आणि तरी बोललो.

तिनं शेवटचे पेपर दिले नाईत. आता वडशाले कपड्याच्या दुकानात बसते. गावात आली की अजून कोणी म्हणते, गणितवाली आली. लोक हसतात, तीही हसते. मीही त्या हसणाऱ्यांत उभा राह्यलो आहे.

रविवारी सोसायटीची सभा आहे. वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहिलं आहे — दुसऱ्या पंपाच्या नोंदी खोट्या आहेत, पल्लवीचं गणित बरोबर होतं — आणि खाली पूर्ण नावानं सही केली. ते मारोतीभाऊच्या समोर, उभा राहून वाचणार आहे. मग वही घेऊन वडशाले जाणार. तिनं दारातून हाकललं तर हाकललं. तिच्याजवळ ते कागद अजून आहेत, असं ऐकलं. त्यांत चूक सापडणार नाई. चूक माझ्या हातच्या अक्षरात आहे, दर सोमवारी.