प्रार्थनेआधीचा घास

आम्ही ख्रिस्ती झालो तेव्हा गावाला आमच्या देवापेक्षा आमच्या जमण्याचाच जास्त त्रास झाला. एका रविवारी घरात भजन सुरू असताना माणसं आत शिरली, वडलांचा चष्मा फोडला, बाजाची पेटी उचलून उकिरड्यावर टाकली. पोलीस आले आणि दम मात्र वडलांनाच भरून गेले: पुन्हा प्रार्थनेला माणसं जमवलीत तर सरळ गुन्हा दाखल करू.

वडील जिद्दी होते आणि थोडे आगाऊही. त्यांनी शक्कल काढली. हिवाळ्यात आमच्या शिंदखेड्याकडे मळ्यात धूर दिसला की भरीत पार्टी चालू आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. तर आपणही दर रविवारी मळ्यात वांगी भाजायची आणि सोलता सोलता, डोळे उघडे ठेवून, पुटपुटत प्रार्थना करायची. मला हा बेत फारच आवडला. देव आणि भरीत एकाच फेरीत मिळत होते.

काकूला मात्र घाम फुटायचा. बांधावर कुत्रं आलं तरी ती दचकायची. जेठासमोर, म्हणजे माझ्या वडलांसमोर, तिनं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता की आवाज चढवला नव्हता.

तिसऱ्या रविवारी पोलीस पाटील दोन माणसं घेऊन मळ्यात हजर.

"काय चालनं शे, भाऊ?"

"भरीत शे. या, बसा," वडील साळसूदपणे म्हणाले.

काकूनं सगळ्यांना भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. पाहुण्यांनी ताव मारायला सुरुवात केली आणि आमची पंचाईत झाली. एवढ्या हुशार बेतात एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. आमच्यात प्रार्थना झाल्याशिवाय कुणी घास तोंडात घालत नाही. मनातल्या मनात उरकून घ्यावं, हेही कुणाला सुचेना. वीस माणसं ताटाला हात न लावता गरम भरताकडे बघत बसली होती.

"जेवा ना! थंडं व्हई जाई," पाटील म्हणाले आणि एकेका ताटावरून नजर फिरवू लागले. त्यांच्या एका माणसानं खिशातून मोबाइल काढला.

वडलांनी आमच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि घास उचलला.

तेवढ्यात काकूनं हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि खणखणीत आवाजात प्रभूचे आभार मानले. अन्नाबद्दल, पावसापाण्याबद्दल, वर पाटलांच्या गुडघेदुखीला आराम पडो म्हणून वेगळी विनंतीही केली. पाटलांचा घास हातातच राहिला. आम्ही सगळे 'आमेन' म्हणालो. मला भीती वाटत होती आणि तिचा अभिमानही वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्हा सगळ्यांना चौकीतून बोलावणं आलं.

"प्रार्थना कुणी केली?" साहेबांनी विचारलं.

"मी," वडील पुढे होत म्हणाले.

काकू पदर सावरत त्यांच्याही पुढे आली. "खोटं नका बोलू, भाऊ. तुम्ही ते घास उचली लिन्हा व्हता. प्रार्थना मी करी."

वडलांचे कान लाल झाले. साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि काकूला पूर्ण नाव विचारलं. तिनं ते न अडखळता सांगितलं.