जवळपास सवाष्ण

“आता ह्येनं काय इचारलं?” असं म्हणत मावशी फोन माझ्या तोंडापुढं धरायच्या. ‘ह्येनं’ म्हणजे फोननं. काचेवर कुंकवाचं लाल बोट उमटलेलं असायचं आणि त्या लालीखाली कुठंतरी फोनचा प्रश्न असायचा. मी आधी काच पुसायचो, मग वाचायचो.

“परवानगी मागतोय, मावशी.”

“कशाची?”

“तुम्ही कुठं आहात ते बघायची.”

“हितंच तर हाय की म्या. दिसत न्हाय व्हय त्येला?”

तुळजापुरात देवळाकडं जाणाऱ्या बोळात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्याला लागून मावशींचं ओटीच्या सामानाचं दुकान होतं. तुम्ही दर्शनाला आला असाल तर अशा एखाद्या दुकानापुढं थांबला असालच. खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या, बांगड्या आणि परातीत कुंकवाची रास. मावशींचे यजमान लेक लहान असतानाच गेले. तेव्हापासून कपाळ मोकळं, पण दिवसभर कुंकवाच्या पुड्या बांधून बोटं कायम लालभडक. त्यामुळं फोन त्यांचं बोट ओळखायचाच नाही. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला हैदराबादला गेल्या, तर तिथं त्यांना तीनदा हात धुवायला लावले म्हणे.

त्यांची एक सवय होती. ओटी बांधून झाली की ती गिऱ्हाईक बाईच्या हातात देत नसत. पुढं एक पाट होता, त्यावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, “घ्या, ताई.” इतकी वर्षं मी हे शेजारी बसून बघत होतो आणि मला वाटायचं, पाट आहे म्हणून ठेवत असतील. मी तसाच आहे. फोनमध्ये काय चाललंय ते मला लगेच कळतं, माणसात काय चाललंय ते फार उशिरा कळतं.

मावशींची एकुलती एक लेक जर्मनीत नर्स आहे. तिला दिवस गेले. पुढं काहीतरी गुंतागुंत झाली आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलं. जावई त्याच दवाखान्यात कामाला. मावशी पोचणार त्या दिवशी त्याला सुट्टी मिळत नव्हती. त्याची आई आधीच वारलेली. म्हणजे मावशींनी एकटीनंच जायचं होतं. हैदराबादहून विमान, मधे दुसरं विमान, आणि उतरल्यावर दोन तास आगगाडी.

मग मी त्यांचा गुरू झालो. आता हे मला सांगायला लाज वाटते, कारण माझ्याकडं पासपोर्टसुद्धा नाही. माझाही सगळ्यात लांबचा प्रवास हैदराबादच. पण परदेशात कुठली ॲप लागतात यावर मी असा बोलायचो की बोळातले पुजारीसुद्धा थांबून ऐकायचे. विमानाचं ॲप टाकलं, त्यात तिकीट आणि बोर्डिंग पास. आगगाडीचं टाकलं. भाषांतराचं टाकलं. तिथला पैसा आपल्यात किती होतो ते सांगणारं टाकलं, ते मावशींनी दुसऱ्या दिवशी काढायला लावलं. “चहाची किंमत बघूनच जीव जाईल माजा,” म्हणाल्या. नकाशा मात्र त्यांना आवडला. तिथला सगळा भाग मी आधीच उतरवून ठेवला, म्हणजे नेट गेलं तरी चालेल.

सगळ्यात मोठा घोळ पहिल्याच दिवशी झाला. विमानाच्या ॲपनं नंबर तपासायला मेसेज पाठवला. मी सहज विचारलं, “ओटीपी आला का, मावशी?”

मावशी उठून परातीकडं गेल्या. “कुनाची? कितीची बांदू?”

“ओटी नाही. ओटीपी. नंबर येतो मेसेजमध्ये.”

तेव्हापासून त्या नंबराचं नाव ओटीच पडलं. “भाऊ, ओटी आली वो!” अशी हाक बोळातून यायची आणि चार बायका वळून बघायच्या. मी एकदा त्यांना बजावून सांगितलं, हा नंबर कुणाला म्हणजे कुणाला द्यायचा नाही. त्यांनी हातातली पुडी खाली ठेवली.

“ओटी कुनाला द्यायची न्हाय? मग ती येती कशाला?”



पण खऱ्या ओटीचा प्रश्न याहून अवघड निघाला. लेकीची ओटी सातव्या महिन्यात भरायची राहून गेली होती. भरणार कोण? त्या गावात आपल्याकडचं एकही घर नव्हतं. आता नववा लागला होता. मावशींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओट्या बांधल्या, आणि पोटच्या लेकीची ओटी रिकामी ठेवून बाळंतपण करायचं, हे काही त्यांच्या मनाला पटेना. एका दुपारी त्यांनी माझ्या दुकानात बसूनच लेकीला फोन लावला. आवाज मोठा करून, कारण बारीक कसा करायचा ते त्या रोज विसरायच्या.

लेक म्हणाली, “आई, तू येतेयस ना? मग तूच भर की.”

“गप. म्या कशी भरू?”

“का? हात नाहीत का तुला?”

“येड्यावानी बोलू नगंस. पयलं लेकरू हाय तुजं.”

ओटी सवाष्णीनं भरायची, नवरा गेलेल्या बाईनं नाही, ही आपल्याकडची रीत. मला ठाऊक होती. तरी मी त्या वेळी खाली मान घालून झेरॉक्सचे कागद सारखे करत बसलो. आणि तेव्हा कुठं मला तो पाट दिसला. म्हणजे रोज दिसत होता, पण काय ते तेव्हा कळलं. मावशी ओटी कुणाच्या हातात का देत नाहीत ते.

फोन ठेवून त्या माझ्याकडं वळल्या. आदल्या दिवशी मी त्यांना नकाशाशी बोलायला शिकवलं होतं. आधी ‘जवळपास’ म्हणायचं, मग काय पाहिजे ते म्हणायचं. जवळपास दवाखाना. जवळपास हॉटेल.

“ह्यात सवाष्ण घावंल का, भाऊ?”

मी हसलो. त्या हसत नव्हत्या. त्यांनी फोन तोंडाजवळ नेला आणि आरती म्हणायच्या आवाजात म्हणाल्या, “जवळपास सवाष्ण.”

फोननं थोडा विचार केला आणि एक मंगल कार्यालय, दोन साड्यांची दुकानं आणि एक ब्यूटी पार्लर दाखवलं.

“मंगल कार्यालय बराबर दावलं की,” मावशी म्हणाल्या. “सवाष्नी तितंच असत्यात. जर्मनीत कुटं दावंल?”

“तिथं असं नसतं, मावशी.”

“म्हंजी सवाष्नीच न्हायत?”

“आहेत. पण मंगळसूत्र नाही, कुंकू नाही. ओळखायचं कसं?”

त्या गोंधळल्या आणि त्यांच्यामुळं मीही गोंधळलो. एवढी ॲप टाकली, एकातही या बाईला पाहिजे ते नव्हतं. शेवटी मीच एक अक्कल काढली. म्हटलं, भाषांतराचं ॲप आहे ना, सरळ विचारायचं, तुमचे पती आहेत का. पण मावशी पुस्तकी बोलल्या तरच ते ऐकायचं. त्यांच्या बोलीतलं ‘म्या’ आणि ‘घावंल’ त्याला समजत नसे. आठ दिवस आम्ही सराव केला. “पती” हा शब्द काही त्यांच्या तोंडात बसेना.

बॅग भरताना वजन जास्त झालं. खण, तांदूळ, हळकुंडं, बांगड्या राहिल्या, नारळ काढावा लागला. मी म्हटलं, नारळ तिथं मिळेल, नकाशाला विचारा.

“सवाष्न घावली तर घीन,” त्या म्हणाल्या. “न्हाय घावली तर नारळ घिऊन करू काय?”

निघाल्या त्या दिवशी त्यांनी कुठं आहोत ते दाखवणारा ठिपका मला पाठवून ठेवला होता. म्हणजे मीच त्यांच्या फोनवरून पाठवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो ठिपका एकदम जर्मनीत उगवला आणि मी दुकानात ओरडलो. मग तो सरकायला लागला. आगगाडीत बसल्या होत्या! गिऱ्हाईक आधार कार्डाची झेरॉक्स मागत होतं आणि मी त्याला ठिपका दाखवत होतो. मधेच एका ठिकाणी ठिपका थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी इथं बसून काय करणार होतो? मला त्या ठिकाणाचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं.

तेवढ्यात मावशींचा आवाजी निरोप आला. गाडी सिग्नलला थांबली होती आणि त्या जागेवरच होत्या. निरोप दुसऱ्याच गोष्टीचा होता.

“भाऊ, समोर एक बाई बसलीया. चांगल्या घरची वाटती. संगं कुत्रं हाय. गाडीत कुत्रं! म्या म्हनलं, हिला इचारावं. पर त्यो शब्द काय आठवना. मग आपलं सरळ इचारलं त्या मोबाइलात, तुमचे मालक आहेत का. तर ती कुत्र्याकडं बगून हासली आन् काय तरी बोलली. मोबाइल म्हनला, मालक मीच आहे. आता बाईमानूस असून मालक मीच हाय म्हनती. ह्येचा अर्थ काय लावायचा, भाऊ?”

मी निरोप तीनदा ऐकला. आपल्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात हे त्या फोनला काय माहीत? त्या बाईला वाटलं, ही कुत्र्याच्या मालकाची चौकशी करतेय. मला हसू आवरेना. मी मावशींना सगळं समजावून निरोप पाठवला. त्यावर त्यांचं एवढंच आलं, “व्हय का. मला वाटलं, त्यांच्यात तसं असतंय.”

लेकीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. मावशी तीन महिन्यांनी परत आल्या. आल्या त्या दिवशी मी पहिलं तेच विचारलं, “मग, सवाष्ण घावली का?”

मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, “आता तुमी काय इचारलं?”

“सवाष्ण. ओटी भरायला.”

“ओटी भरली की,” त्या म्हणाल्या आणि सुपातले खडे टाकायला आत गेल्या. मला वाटलं, गाडीतलीच कुणीतरी कुत्रेवाली गाठली असेल. मी पुन्हा विचारलं नाही.

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की दुकानापुढचा पाट दिसत नाही. मावशी ओटी बांधून सरळ गिऱ्हाईक बाईच्या पदरात घालत होत्या. मी चेष्टेनं म्हटलं, “पाट काय जर्मनीला विसरला का?” “मोडला,” म्हणाल्या. मी तेही खरं धरलं. मघाशी सांगितलंच, मला माणसांचं उशिरा कळतं.

मागच्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. चार दिवस आजारी होत्या, तेवढंच. लेक आली, दुकान आवरलं, आणि निघायच्या आधी आईचा फोन घेऊन माझ्याकडं आली. त्यातले फोटो तिला तिच्या फोनमध्ये पाहिजे होते. मी तिला शेजारी बसवून एकेक फोटो पाठवत होतो. बाळाचे शेकड्यानं. बर्फाचे. आगगाडीतल्या कुत्र्याचा एक. मी म्हणालो, “ओटी भरल्याचा फोटो कुठं सापडत नाही.”

“फोटो कोण काढणार, दादा?” ती म्हणाली. “घरात आम्ही दोघीच होतो.”

काहीतरी करायचं म्हणून मी नकाशा उघडला. काय काय शोधलं ते त्यात राहतं, नवं वर आणि जुनं खाली. मी खालून वाचत वर गेलो. जवळपास सवाष्ण. जवळपास सवाष्ण. जवळपास मराठी सवाष्ण. एकदा नुसतंच, जवळपास बाई. पुन्हा जवळपास सवाष्ण. दिवसामागून दिवस तेच. आणि सगळ्यात वर, ज्याच्यानंतर मावशींनी त्या नकाशाला काहीच विचारलं नव्हतं, ते शेवटचं: जवळपास नारळ.

मला रडू आलं.

फोन परत देताना मी सवयीनं फडकं उचललं. काचेवर, कडांना, स्पीकरच्या बारीक भोकांत अजून कुंकू होतं. ते मी पुसलं नाही.