सावंतकाका उरला गेले होते का?

आमच्या सिंगापूरच्या मंडळात गणपती पाच दिवस बसतो, पण किस्से वर्षभर पुरतात. यंदा तर कहरच झाला, कारण देखावा सावंतकाकांनी ठरवला. उर! इराकच्या वाळवंटातल्या, चार हजार वर्षं जुन्या सुमेरियन शहराचे अवशेष!

काका जहाजावर चीफ इंजिनिअर होते. "बसऱ्याला जहाज अडकलं, तेव्हा मी स्वतः उर बघून आलोय," हे त्यांचं नेहमीचं. फोटो एकही नाही. त्यामुळे सगळं मंडळ त्याला 'काकांची थाप' म्हणायचं. काका हसायचे, पण त्यांना ते लागायचं. एकदा मला म्हणालेच, "एकाने तरी खरं मानावं रे!"

*

मधलं पायऱ्यापायऱ्यांचं देऊळ जोशीने केलं. हा इथल्या 'पाया लेबार' भागात आयटी मॅनेजर. पुठ्ठ्याचे मजले रचले आणि वर चक्क सोनेरी कळस! "देऊळ म्हटल्यावर कळस नको?"

काका किंचाळले, "अरे, हे उर आहे, ओझर नाही!"

*

जोशीची मुलगी पडक्या भिंती बघून अस्सल सिंगापुरी इंग्लिशमध्ये म्हणाली, "काका, सो ब्रोकन, लाह! व्हाय नेव्हर रिपेअर?"

"दुरुस्तीसाठी टाउन कौन्सिलला कळवलंय, बाळा. चार हजार वर्षं झाली!"

*

सुमेरियन लोक विटा डांबराने चिकटवायचे, म्हणून काका डांबरासाठी हटून बसले. फ्लॅटमध्ये डांबर? शेवटी काकूंनी गुळाचा काळाकुट्ट पाक करून दिला. दुसऱ्या दिवशी आमच्या क्वीन्सटाउन भागातल्या यच्चयावत मुंग्या उरमध्ये!

काकू शांतपणे म्हणाल्या, "चला, शहर कसं पडलं ते तरी कळलं."

*

पहिल्या संध्याकाळच्या आरतीला जोशीने ऑफिसातल्या हैदरला मुद्दाम आणलं. हैदर उरच्या शेजारच्याच गावचा. "आज काकांची परीक्षा!" जोशी माझ्या कानात कुजबुजला. हैदर कुठला ते ऐकून काकांचा चेहरा उतरला. मला जोशीचा असा राग आला म्हणून सांगू!

हैदर देखाव्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग इंग्लिशमध्ये सांगायला लागला, "माझे आजोबा तिथे राखणदार होते. बसऱ्याला जहाज अडकलेल्या एका इंडियन जहाजवाल्याची गोष्ट ते कायम सांगायचे. भर उन्हात देवळाच्या पायथ्याशी बूट काढून अनवाणी वर चढला! आजोबा ओरडले, पाय भाजतील. तर म्हणाला, देवळात बूट घालून कसा जाऊ?"

सगळे काकांकडे वळले. हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं! जोशीने तिथल्या तिथे कान पकडले. टाळ्या काय, शिट्ट्या काय! माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

काका ताडकन उठले. "अरे, ते राहू दे! आधी याला विचारा, मी खाली उतरेपर्यंत माझे बूट कुठे गेले?"