विहिरीतली आई

मुकुंदवाडीच्या कडुबा साळव्यांना भुतांचे पिक्चर लई आवडत. गाजलेले नव्हे. इंडोनेशिया, तुर्कस्तान, आइसलँड, असे कुठले कुठले नवे पिक्चर ते मोबाइलवर हुडकून काढत. चितेगावच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून जेवण झालं की पडदे ओढून बसत. खालची इंग्रजी अक्षरं भराभर वाचता येत नसत, म्हणून दर वाक्याला पिक्चर थांबवायचा. भुताचा हात दारावर तसाच, आणि हे ओठ हलवत वाचतायत.

"आपण बौद्ध माणसं, भूतबीत मानत नाय," असं बायको सत्यभामा म्हणायची.

"मानत नाय म्हणून तर निवांत बघतो," कडुबा म्हणत.

मुलगा सम्यक लग्नाचा झाला. सोयगावचे मोतीराम आपली मुलगी रूपा हिला घेऊन येणार होते. रूपा शहरातच लॅबमध्ये नोकरीला, म्हणून बघण्याचा कार्यक्रम इथंच ठरला होता.

"बाबा, आज भूत नको," सम्यक सकाळीच म्हणाला.

"नाव काढणार नाय," कडुबांनी शब्द दिला.

जय भीम झाला, पोहे झाले. मोतीरामांनी सहज विचारलं, "मग, सध्या काय चाललंय?"

"एक घर बघतोय," कडुबा म्हणाले. "बाप आणि मुलगी दोघंच. आई विहिरीत असते."

मोतीरामांना वाटलं, दुसरं स्थळ चालू आहे. ते सावरून बसले. "आमच्याकडं आई धडधाकट आहे. आज गुडघ्यामुळं आली नाय."

"तीपण तशी चांगली आहे. जेवायला वर येते."

"आणि मुलगी?"

"गुणी आहे. फक्त भिंतीवरून चालते."

"खेड्यातल्या पोरी चालतातच," मोतीराम म्हणाले. "आमची लहानपणी चालायची. आता सोडलंय."

सम्यकनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात रूपानं कप खाली ठेवला. "काका, आई मेलेली नसतेच. बाप मेलेला असतो. शेवटी कळतं."

कडुबांचा चेहरा पडला. अर्धाच पिक्चर झाला होता. पाहुणे जाईस्तोवर त्यांनी पुन्हा त्या घराचं नाव काढलं नाही. मोतीराम जिना उतरताना मुलीला विचारत होते, "कोण मेलं म्हणालीस?"

"पोरगी चांगली आहे," सत्यभामा म्हणाली.

"शेवट फोडणारी सून मला घरात नको."

दुसऱ्या दिवशी कडुबांनी रागारागातच उरलेला पिक्चर लावला. बाप जिवंत निघाला. आई, मुलगीसुद्धा जिवंत. मेलं होतं ते शेजारचं अख्खं गाव, आणि हे कडुबांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी शेवट मागं घेऊन पुन्हा एकदा बघितला. पोरीनं धडधडीत खोटं सांगून विषयही मिटवला होता आणि शेवटही जपला होता.

त्यांनी लगेच सोयगावला फोन लावला. "मोतीरामजी, मुलगी पसंत आहे. खोटं फार सुंदर बोलते."



"व्हय," मोतीराम म्हणाले. "आईवर गेलीय."