पासलीत मार्ताची सावड

परदेशात जाऊन स्वयंसेवक व्हायचं, हे माझं फार दिवसांचं खूळ. केनियात शाळा रंगवायची, नाहीतर पेरूत झाडं लावायची. वेबसाइटी बघून बघून अर्धं जग फिरून झालं होतं, पासपोर्टही काढून ठेवला होता. आणि शेवटी गेले कुठं? भोरहून पासलीला! पुण्यातल्या एका संस्थेमार्फत पोर्तुगालची एक मुलगी भातकापणीला मदत करायला तिकडे येणार होती आणि तिच्यासाठी सहा दिवस दुभाषी हवी होती. मी भोरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते, रजा शिल्लक होती. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत हो म्हणून टाकलं.

मार्ता मला कापूरहोळला भेटली. वय सव्वीस, पाठीवर स्वतःएवढी सॅक. ढाब्यावर मिसळ खाताना डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी तिनं आणखी तर्री मागितली. तिथंच ती मला आवडली. (तुम्हीही इथंच पोटभर खाऊन घ्या, पुढे चहा-वड्यावर भागवावं लागतं.) एसटीत कंडक्टरनं दोन अर्धी तिकिटं काढली. ही परदेशी आहे, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"बाईमानूस हाय न्हवं? मग अर्धंच," म्हणून तो पुढं सरकला.

नसरापूर फाट्यावर उतरलं की वेल्ह्यापर्यंत वडापची जीप मिळते. ती भरेपर्यंत हलत नाही, त्यामुळे घड्याळ बघू नका. मार्गासनीपासून डाव्या हाताला राजगड सोबतीला येतो. वेल्ह्यापुढे गाड्या मोजक्याच. आम्हाला डेअरीत दूध घालून परतणारा टेम्पो मिळाला, मागं रिकाम्या कॅनच्या खडखडाटात उभं राहून गेलो. घाटाचं वळण संपलं आणि पिवळीधमक भातखाचरं समोर आली तेव्हा आम्ही दोघी चक्क ओरडलो. साठेक किलोमीटरवर हे सगळं होतं आणि मी केनियाचे फोटो बघत बसले होते!

उतरायचं होतं हिरामावशींच्या घरी. पंचावन्नच्या आसपासच्या, बारीक, झरझर चालणाऱ्या बाई. मुलगा पुण्याला कंपनीत, नवरा गुरांमागं. पाच खाचरं कापायची राहिलेली आणि आभाळ रोज दुपारी भरून यायचं. पाऊस पडला असता तर उभं भात आडवं झालं असतं. म्हणजे माणसं हवीच होती. तरी पहिले दोन दिवस मार्ताला ओसरीवर खुर्ची मिळाली. चहा झाला, पोहे झाले, तांदळाची भाकरी आणि पावट्याचं कालवण झालं, पुन्हा चहा. ती विळा घेऊन उठली की मावशी तो हळूच काढून घ्यायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मार्ता माझ्यावरच भडकली. "मी इतक्या लांबून खुर्चीत बसायला आले का? त्यांना माझा विश्वास वाटत नाही. तसं असेल तर मी आजच परत जाते."

मी मावशींना गाठलं आणि माझ्या मते अगदी सुंदर वाक्य बोलले. "मावशी, तिला तुमच्याकडून काहीच नकोय. ती फुकट काम करायला आलीय."

मावशींचा चेहरा उतरला.

"फुकट? आमी काय भिकेला लागलोय व्हय, ताई?"

मग त्यांनीच समजावलं. गावात कापणी सावडीनं होते. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. जी येते तिच्याकडे परत जावंच लागतं. "हिनं चार दिस कापलं तर फेडाया आमी इमानात बसून जायचं का?" आदल्या दिवशी जेवणाखाण्याचे पैसे दिले तेव्हा मावशींनी सरळ पदराच्या गाठीला बांधले होते. फुकटचे कष्ट मात्र त्यांना सोसत नव्हते. आणि मी तर असले फुकटचे कष्ट वाटायलाच जगभर जायची स्वप्नं बघत होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मार्ताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या गावात ऑलिव्ह असेच उतरवतात. शेजारी येतात, मग आई त्यांच्याकडे जाते." मी ते मराठीत सांगताच मावशी ताडकन उठल्या.

"म्हंजी तिकडं बी हाय! मग आदी सांगायचं न्हाई का?" क्षणभर विचार करून त्या मार्ताकडं बोट करत मला म्हणाल्या, "ही तुमच्यासंगं आली. हिची सावड आमी तुमच्याकडं फेडू. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. माझ्याकडं शेत सोडा, कुंडीही नाही.

पुढचे चार दिवस काय सांगू! मार्तानं विळा असा चालवला की शेजारच्या खाचरातल्या बायका बघायला यायच्या. ती पोर्तुगीज गाणी म्हणायची, त्या ओव्या म्हणायच्या, आणि मला भाषांतर करायला कुणी विचारतही नव्हतं. शेवटच्या दिवशी मीही उतरले. दुपारी करंगळीवर विळा लागला आणि मला बांधावर बसवण्यात आलं. संध्याकाळी शेवटचं खाचर मोकळं झालं, भारे खळ्यावर ताडपत्रीखाली पोचले. मग पावसाची सर आली तरी कुणी मान वर करून पाहिलं नाही. मार्ता मावशींच्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, उगाच कशाला लपवू.

भोरला परतल्यावर महिन्याभरात मावशींचा फोन. "काय काम हाय तुमच्याकडं?"

"छे हो, काही नाही, नुसत्या जेवायला या," मी म्हटलं. पुन्हा तेच फुकटचं! मी जीभ चावली. "म्हणजे... घर बदलतेय. पुस्तकांची खोकी आहेत. तिसरा मजला, लिफ्ट नाही."

"येतो."

रविवारी एसटीतून मावशींसकट पाच जणी उतरल्या. डोक्यावर चुंबळ, त्यावर माझी शब्दकोशांची आणि व्याकरणाची खोकी, मध्येमध्ये माझ्या पुस्तकांच्या वजनावर टोमणे. दिवसभरात घर हललं. जेवताना मी हिशेब काढला. "मार्ताचे चार दिवस, म्हणून चौघी. मग पाचवी?"

"तुमी बी उतरला होता की."

"अहो, मी अर्धाच दिवस! बोट कापून बसले."

"मग अर्धा दिस तुमच्याकडं राहिला," मावशी भाताचा घास घेत म्हणाल्या.

"अर्ध्या दिवसासाठी एवढ्या लांब कशी येऊ, मावशी?"

"पुरा या. मग अर्धा आमच्याकडं राहील."