अप्पा आणि ओरडणारी जीप

“तडी!” गाडी गॅरेजच्या दारात लागली रे लागली की अप्पा तळहात वर करून म्हणायचे. तडी म्हणजे कन्नडमध्ये थांब. अप्पा मूळचे उदगीरचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि कोपरापर्यंत ग्रीस. त्यांनी तडी म्हटलं की कुणी बोलायचं नाही. ते डोळे मिटून इंजिन ऐकत उभे राहायचे.

तुम्हीही असे मिस्त्री पाहिले असतील, जे गाडी दिसताच पाना घेऊन धावतात. इंजिनाचा आवाज चढलाय म्हटलं की पेच फिरवून तो उतरवून देतात. अप्पांना त्याची भारी चीड. “पेच फिरवला की आवाज बसतो, दुखणं बसत न्हाई,” म्हणायचे. एका व्यापाऱ्याने घाई केली तर “घाई असंल तर टांग्यानं जावा” असं तोंडावर सुनावलं. व्यापारी मुकाट्याने बसून राहिला.

लातूर तेव्हा नवा जिल्हा झाला होता आणि पाठोपाठ दुष्काळ आला. नव्या कचेरीत मी रोजंदारीवर ड्रायव्हर होतो. साहेबांना घेऊन गुरांच्या छावण्या फिरायच्या. महिन्याभरात मला कायम करण्याचा कागद वर जायचा होता आणि नेमकी तेव्हाच आमची जीप ओरडायला लागली. पाय एक्सलेटरवर नसला तरी इंजिन चढ्या आवाजात चालायचं. ब्रेक जरा सैल सोडला की गाडी पुढे उसळायची. मी साहेबांना सांगितलं नाही. नव्या माणसाने तक्रार कशी करायची?

देवणीकडच्या एका छावणीत गाडी अशीच उसळली आणि बांबूचं कुंपण मोडून थांबली. एक म्हातारा वेळेवर बाजूला झाला म्हणून वाचला. बैल बिथरले, माणसं धावून आली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या तोंडाचा वास घेतला. मी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“गाडीत दोष निघाला तर ठीक,” साहेब म्हणाले. “नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

तिथून आम्ही थेट लातूरला अप्पांकडे गेलो. साहेब बाकावर बसले, तोंड लालबुंद. अप्पांनी इंजिन ऐकलं आणि आधी चहा सांगितला. साहेब नको म्हणाले, तरी आला. मग चोकची मूठ दाबून पाहिली. ती आतच होती, म्हणजे दोष तिथे नव्हता. कार्ब्युरेटरच्या बुडाशी तेलाचे थेंब सोडले. फटीतून हवा ओढली जात असेल तर आवाज बदलतो, असं साहेबांना मास्तरासारखं समजावलं. आवाज काही बदलला नाही. माझा जीव टांगणीला लागलेला आणि अप्पा साहेबांकडे छावणीतल्या बैलांची चौकशी करतायत! साहेबही हळूहळू बोलायला लागले. पाऊण तास गेला.

शेवटी अप्पांनी एक्सलेटरच्या गजावर अंगठा दाबला. इंजिन शांत झालं. अंगठा उचलताच पुन्हा ओरडा सुरू. “कायतरी वढून धरलंय,” असं म्हणत त्यांनी इंजिन बंद केलं, आत हात घातला आणि गजाला अडकलेला, तेलाने काळाकुट्ट झालेला एक दोरा कापून बाहेर काढला.

नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून आईने दिलेला काळा दोरा मी बॉनेटच्या आतच बांधला होता. “साहेब, माझ्या आईनं…” मी बोलून गेलो.

अप्पांनी दोरा फडक्याने पुसला. तो लाल होता. माझा दोरा रेडिएटरपाशी बांधला तिथेच होता.

साहेब उठून जवळ आले आणि दोऱ्याकडे बघत राहिले. “हा आमच्या घरचा,” ते हळूच म्हणाले. “शिपायाला मीच सांगितलं होतं, आत बांध म्हणून. बाहेर दिसला तर लोक हसतील.”

दुसरा कुणी असता तर हसला असता. अप्पांनी तो दोरा साहेबांच्या हातावर ठेवला. “माया बरोबर हाय, साहेब. जागा चुकली.”

साहेबांनी दोरा खिशात ठेवला. मग माझ्याकडे वळले. “चला. त्या म्हाताऱ्याला भेटून येऊ. तुम्हीच चालवा.” मघापर्यंत मी ‘तू’ होतो. छातीवरचा धोंडा उतरला. पुढच्या महिन्यात माझा कागद वर गेला.

नंतर माझी बदली नांदेडला झाली. निवृत्त झालो तेव्हा पेढे घेऊन लातूरला गेलो. गॅरेजला कुलूप होतं. घरी गेलो तर अप्पांच्या पत्नीने, आक्कांनी, दार उघडलं. अप्पा जाऊन चार महिने झाले होते. मी कोण ते सांगितलं.

“छावनीची जीप?” आक्का ओल्या डोळ्यांनी हसल्या. “त्येंना तर हात लावायच्या आधीच कळलं हुतं, गज अडकलाय म्हनून. घरी येऊन मला म्हनले, साहेबाचं डोकं लई तापलं हुतं. तवाच दोष दावला असता तर त्यानं ऐकलंबी नसतं, अन् पोरगं कामावरून गेलं असतं. म्हनून चहा पाजत बसलो.”

मी उंबऱ्यावरच बसलो. डोळे भरून आले, ते पुसले नाहीत. पेढ्यांचा पुडा आक्कांच्या हातात दिला.

“नोकरी पुरी झाली,” मी म्हणालो. “अप्पांना तेवढंच सांगायला आलो होतो.”